इंटरनेटची मूळ यादी कोण बदलू शकतो?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने माहिती समाज शिखर परिषदेचा वीस वर्षांचा आढावा पूर्ण केला आणि इंटरनेटच्या कारभारावर चर्चा करणाऱ्या इंटरनेट गव्हर्नन्स फोरमला कायमस्वरूपी व्यासपीठाचा दर्जा दिला. असा एखादा ठराव झाल्यावर 'इंटरनेटवर ताबा कोणाचा' ही चर्चा नव्याने सुरू होते. तिच्यात एका बाजूला अमेरिका असते, दुसऱ्या बाजूला बाकीची सरकारे आणि मधोमध एक मोठे बटण. ते ज्याच्या हाती तो जग चालवणार, असा सूर लागतो. या विषयाशी रोजचा संबंध असलेल्यांना हे वाचून हळहळ वाटते, कारण असे बटण अस्तित्वात नाही. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या काही याद्या आहेत. प्रत्येक यादीत बदल कोण सुचवतो, कोण तपासतो, कोण करतो आणि कोण नाकारू शकतो, हे निरनिराळे आहे. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत खरी ओढाताण या 'नाकारू शकतो'वर चालते, म्हणून हे पत्र.

सर्वांत जास्त गाजलेली यादी म्हणजे रूट झोन. डॉट कॉम, डॉट इन, डॉट भारत अशा चौदाशेहून अधिक शेवटच्या शब्दांची ही यादी आहे. प्रत्येक शब्दापुढे त्याचे नेमसर्व्हर (म्हणजे त्या डोमेनमधल्या नावांचे पत्ते सांगणारे संगणक), त्यांचे आयपी, म्हणजे आकडी पत्ते आणि सुरक्षा किल्लीचा ठसा एवढेच लिहिलेले असते. सगळी फाइल मिळून जेमतेम दोन एमबी भरते. ती ए ते एम अशा तेरा अक्षरांच्या रूट सर्व्हरांवर ठेवलेली असते. अक्षरे तेराच का, तर सुरुवातीच्या काळात उत्तराचे पाकीट ५१२ बाइटच्या आत बसवावे लागे आणि त्यात तेवढीच नावे मावत. यंत्रे मात्र तेरा नाहीत. एनीकास्ट पद्धतीने एकच पत्ता जगभरातल्या शेकडो ठिकाणांहून उत्तर देतो, त्यामुळे 'तेरा यंत्रे बंद केली की इंटरनेट बंद' या विधानाला कित्येक वर्षांपूर्वीच अर्थ उरला नाही. हे तेरा सर्व्हर बारा संस्था चालवतात. त्यातल्या नऊ अमेरिकी आहेत. उरलेल्या तीन स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानमधल्या.

या फाइलीतली एखादी ओळ बदलायची तर कोणत्या पायऱ्या चढाव्या लागतात? समजा, एखाद्या देशाच्या डोमेनला नेमसर्व्हर बदलायचा आहे. त्या डोमेनचा व्यवस्थापक आयकॅन या, इंटरनेटवरील नावांचा आणि पत्त्यांचा समन्वय पाहणाऱ्या संस्थेच्या 'आयाना' या नोंदणी विभागाकडे ऑनलाइन अर्ज करतो. नोंदीत असलेल्या संपर्क व्यक्तींकडून अर्जाची खातरजमा होते. मग तांत्रिक तपासणी होते: नवे नेमसर्व्हर खरोखर उत्तर देतात का, ते किमान दोन वेगळ्या नेटवर्कांत आहेत का, सगळ्यांकडची माहिती एकसारखी आहे का. अर्ज अडकतो तो बहुतेकदा इथेच आणि कारण साधे असते. नवा सर्व्हर सुरू केलेला असतो, पण फायरवॉलमध्ये त्याचे टीसीपी पोर्ट, म्हणजे बाहेरचे प्रश्न आत येण्याचे एक दार, उघडायचे राहिलेले असते. डोमेनचा व्यवस्थापकच बदलायचा असेल तर तपास लांबतो, कारण तेव्हा स्थानिक समाजाचा आणि सरकारचा पाठिंबा पाहावा लागतो. सगळे जमले की व्हेरिसाइन ही कंपनी बदल फाइलीत उतरवते, त्यावर डिजिटल सही करते आणि फाइल बाराही संस्थांकडे जाते. दिवसातून साधारण दोनदा ती नव्याने निघते.

३० सप्टेंबर २०१६ पर्यंत या साखळीत आणखी एक कडी होती. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची एनटीआयए ही संस्था प्रत्येक बदलाला मंजुरी देत असे. आयानाने प्रक्रिया नीट पाळली की नाही, एवढेच ती तपासायची. पण ज्याची मंजुरी लागते, त्याला ती रोखताही येते. बाकीच्या देशांचे म्हणणे नेमके हेच होते. १४ मार्च २०१४ रोजी अमेरिकेने ही भूमिका सोडण्याची तयारी जाहीर केली. मात्र तिची जागा कोणत्याही सरकारने किंवा आंतरसरकारी संघटनेने घेऊ नये, अशी अट घातली. पुढची अडीच वर्षे आयकॅनच्या नियमावलीवर घासाघीस चालली. अगदी शेवटच्या दिवसांत अमेरिकेतली चार राज्ये हे हस्तांतर थांबवायला न्यायालयात गेली आणि तिथे त्यांना नकार मिळाला. १ ऑक्टोबर उजाडला, करार संपला आणि कोणत्याही वापरकर्त्याला काही जाणवले नाही. आमच्या मते इंटरनेटच्या कारभारातली ही सर्वांत मोठी राजकीय घटना होती आणि ती कुठेही खळखळ न होता पार पडली, याचे श्रेय आधीच्या अडीच वर्षांच्या कंटाळवाण्या बैठकांना जाते.

त्याआधी अठरा वर्षे वेगळाच प्रसंग घडला होता. आयानाचे काम तेव्हा प्रामुख्याने जॉन पोस्टेल हे संगणकशास्त्रज्ञ सांभाळत. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला, की यापुढे मूळ फाइल कंत्राटदार कंपनीकडून न घेता माझ्या यंत्रावरून घ्या. आठही जणांनी ऐकले. कोणी हल्ला केला नव्हता, कोणाचे कुलूप तोडले नव्हते. केवळ शब्दाखातर यादीचा उगम हलला. अमेरिकी प्रशासनाने हरकत घेतल्यावर त्यांनी हा 'प्रयोग' म्हणून मागे घेतला. त्याच वर्षी आयकॅनची स्थापना झाली आणि ऑक्टोबरमध्ये पोस्टेल वारले. रूट सर्व्हर कोणती फाइल वाचतात हे शेवटी त्या चालवणाऱ्यांच्या विश्वासावर आहे, ही गोष्ट तेव्हा सरकारांना कळली. आजही ती तशीच आहे.

मग एखाद्या देशाला इंटरनेटवरून 'काढून' टाकता येते का? तांत्रिक उत्तर असे, की त्याच्या डोमेनची ओळ फाइलीतून वगळता येते. रूटमधल्या नोंदी सगळीकडे दोन दिवस जपून ठेवता येतात, त्यामुळे परिणाम एका क्षणात दिसणार नाही. आधी काही ठिकाणी आणि दोन दिवसांत जवळपास सर्वत्र त्या देशाच्या डोमेनवरची संकेतस्थळे आणि ईमेल गायब होतील. त्या देशातली यंत्रे मात्र चालूच राहतील आणि इतर डोमेनांवरून पोहोचताही येतील. म्हणजे लष्कराचे फारसे बिघडणार नाही. रुग्णालये, वृत्तसंस्था आणि सामान्य माणसे अडकतील. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनच्या उपपंतप्रधानांनी आयकॅनकडे रशियाची डोमेन रद्द करण्याची आणि तिथले रूट सर्व्हर बंद करण्याची लेखी मागणी केली. युक्रेनची वेदना खरी होती. तरीही २ मार्चला आयकॅनने नकार दिला. युरोपातील पत्ते सांभाळणाऱ्या राइप एनसीसी या संस्थेनेही रशियाचे पत्ते काढून घेण्याची मागणी मान्य केली नाही. हा नकार योग्य होता, असे आम्हाला ठामपणे वाटते. एकदा होकार दिला असता तर पुढच्या प्रत्येक युद्धात दोन्ही बाजूंचे वकील अर्ज घेऊन त्याच दारात उभे राहिले असते.

पण या नकाराच्या जोरावर सगळे आलबेल आहे असे समजू नये. आयकॅन कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली ना-नफा संस्था आहे आणि अमेरिकी न्यायालयांच्या कक्षेत येते. दहशतवादी हल्ल्यांतील पीडितांनी नुकसानभरपाईच्या निकालांच्या वसुलीसाठी इराण, सीरिया आणि उत्तर कोरिया यांची देश-डोमेन जप्त करण्याची मागणी अमेरिकेत केली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली. कारण दिले ते तिसऱ्या पक्षांना, म्हणजे त्या डोमेनांवरच्या निरपराध वापरकर्त्यांना आणि एकूण व्यवस्थेला पोहोचणाऱ्या हानीचे. देश-डोमेन ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने सोडवलाच नाही. म्हणजे दार लोटलेले आहे, कडी लागलेली नाही. मंजुरीची कडी २०१६ मध्ये निघाली, तरी न्यायक्षेत्राचा मुद्दा तसाच शिल्लक आहे. वाटाघाटींत भारतासारख्या देशांनी हाच मुद्दा नेमका शब्दबद्ध करून लावून धरायला हवा. 'अमेरिकेचे वर्चस्व' असे मोघम म्हटले की समोरचा पक्ष २०१६ कडे बोट दाखवून मोकळा होतो.

दुसरी यादी आहे आयपी पत्त्यांची आणि तिच्याकडे राजनैतिक चर्चेचे लक्ष फार कमी जाते. जुने पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. ते जगाच्या पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांमार्फत वाटले जातात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे, प्रत्येकी सुमारे १ कोटी ६७ लाख पत्त्यांचे, या पाच संस्थांना एकेक देऊन झाले. तेव्हापासून जुना पत्ता ही विकत घेण्याची वस्तू झाली. आफ्रिकेची नोंदणी संस्था आफ्रिनिक मॉरिशसमध्ये आहे. एका कंपनीला दिलेले सुमारे ६२ लाख पत्ते आफ्रिकेबाहेर वापरले जात असल्याचे सांगून तिने ते परत घेण्याची प्रक्रिया सुरू केली. कंपनी न्यायालयात गेली. २०२१ मध्ये संस्थेची बँक खाती गोठवली गेली. पुढे संचालक मंडळाची गणसंख्या उरली नाही, मुख्याधिकारी नेमता येईना, २०२३ मध्ये न्यायालयाने रिसीव्हर, म्हणजे कारभार पाहणारा प्रशासक, नेमला. जून २०२५ ची निवडणूक रद्द झाली आणि सप्टेंबरमध्ये ती नव्याने घ्यावी लागली. एका खंडाची पत्त्यांची नोंदवही वर्षानुवर्षे अशी लोंबकळत राहिली. इथे कोणत्याही सरकारने कारस्थान केले नव्हते. पोटनियमांत फट होती: मंडळ अपुरे पडले तर नवे मंडळ कोणी आणि कसे बसवायचे याची सोय पुरेशी नव्हती. सरकारांचा हात नको म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांआड करू नये. स्वयंशासित संस्थाही आतून बंद पडू शकतात.

तिसरी गोष्ट मार्गनिर्धारणाची. तिथे यादीच नाही. प्रत्येक नेटवर्क बीजीपी या पद्धतीने शेजाऱ्याला सांगते, की अमुक पत्त्यांकडे जायचा रस्ता माझ्यातून आहे, आणि शेजारी विश्वास ठेवतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा आदेश निघाला. तिथल्या दूरसंचार कंपनीने देशांतर्गत वाहतूक अडवण्यासाठी यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा एक तुकडा आपलाच असल्याची घोषणा केली. घोषणा आत राहायला हवी होती. ती वरच्या पुरवठादाराकडे गळली आणि त्याने गाळणी न लावता पुढे पाठवली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या मोठ्या तुकड्याची होती. राउटर नेहमी अधिक नेमका, म्हणजे लहान तुकडा निवडतो. त्यामुळे जगभरची यूट्यूबची वाहतूक सुमारे दोन तास पाकिस्तानकडे वळली आणि तिथे संपली. कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने हे थांबले नसते. थांबवणारी गोष्ट आहे आरपीकेआय, म्हणजे कोणत्या नेटवर्कला कोणते पत्ते घोषित करायचा अधिकार आहे याची सही केलेली नोंद, आणि ती नोंद तपासून चुकीच्या घोषणा टाकून देणारे राउटर. अर्थात या नोंदी ठेवतात त्याच पाच प्रादेशिक संस्था. आफ्रिनिकसारखी संस्था डळमळली की सुरक्षेचा हा आधारही डळमळतो. त्यामुळे न्यायालयातला पोटनियमांचा वाद थेट राउटरपर्यंत पोहोचतो.

आता वाटाघाटींकडे. सुरुवातीला उल्लेखलेल्या माहिती समाज शिखर परिषदेच्या २००५ च्या ट्युनिस दस्तऐवजातील ३४ व्या परिच्छेदात इंटरनेट कारभाराची व्याख्या आहे. सरकारे, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज यांनी 'आपापल्या भूमिकांत' सामायिक तत्त्वे, नियम आणि निर्णयपद्धती घडवणे व लागू करणे, असा तिचा आशय. 'आपापल्या भूमिकांत' या दोन शब्दांवर वीस वर्षे भांडण चालू आहे. पुढच्याच परिच्छेदात सार्वजनिक धोरण हा राज्यांचा सार्वभौम अधिकार असल्याचे म्हटले आहे. म्हणून काही सरकारे 'भूमिका' म्हणजे धोरण आमचे, तारा आणि यंत्रे तुमची, असे वाचतात. इतर म्हणतात, की देश-डोमेन कोणाला द्यायचे किंवा रूट झोनवर सही करणारी किल्ली कशी बदलायची यात धोरण आणि तंत्र वेगळे काढताच येत नाही. त्या दस्तऐवजाआधी ज्या चाळीस जणांच्या कार्यगटाने मांडणी केली, त्याचे अध्यक्ष भारताचे नितीन देसाई होते. त्या अहवालाने देखरेखीचे चार पर्याय समोर ठेवले आणि एकाची निवड केली नाही. ट्युनिसमध्येही निवड झाली नाही. त्याऐवजी ७२ व्या परिच्छेदाने निर्णयाचा अधिकार नसलेला फोरम जन्माला घातला. डिसेंबर २०२५ मध्ये कायम झाला तो हाच फोरम. तो आजही काही ठरवू शकत नाही आणि आमच्या मते हीच त्याची उपयुक्तता आहे. जिथे ठराव होत नाही, तिथे सरकारी प्रतिनिधी अभियंत्यांशी मोकळेपणाने बोलतात.

ठराव करायला बसल्यावर काय होते, ते डिसेंबर २०१२ मध्ये दुबईतल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत दिसले. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमांची फेररचना हा विषय होता. मसुद्यात वादाचा प्रत्येक शब्द चौकटी कंसात ठेवतात आणि सहमती झाली की कंस निघतो. शेवटच्या रात्रींपर्यंत सुरक्षितता, अनाहूत संदेश आणि इंटरनेटविषयीचा एक ठराव यांवरचे कंस निघाले नव्हते. मध्यरात्रीच्या सुमारास अध्यक्षांनी सभागृहाचा 'कल' पाहिला आणि ठराव पुढे सरकवला. हे मतदान होते की नव्हते, यावरच नवा वाद पेटला. अखेर ८९ देशांनी सही केली, ५५ देशांनी केली नाही. सही न करणाऱ्यांत भारतही होता. परिणाम असा झाला, की काही देशांमध्ये जुने नियम लागू आणि काहींमध्ये नवे. मतांनी जिंकता आले, पण एकच व्यवस्था हाती राहिली नाही.

भारताची स्वतःची भूमिकाही या काळात बदलत गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने आमसभेत ५० देशांची एक समिती सुचवली. तांत्रिक संस्थांवर देखरेख हे तिच्या कामांपैकी एक होते आणि तिची बैठक जिनिव्हात वर्षातून दोन आठवडे व्हायची होती. रोजचा कारभार ती पाहणार नव्हती, हे मान्य. पण दिवसातून दोनदा बदलणाऱ्या फाइलीवरच्या वादात वर्षातून एकदा भेटणारी समिती काय उपयोगाची, याचे उत्तर प्रस्तावात नव्हते. २०१५ मध्ये भारताने बहुभागधारक पद्धतीला, म्हणजे सरकारे, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज यांनी मिळून ठरवण्याच्या पद्धतीला, जाहीर पाठिंबा दिला. बदल स्वागतार्ह होता. पण ज्या टेबलावर बाकीचे प्रतिनिधी पंधरा-वीस वर्षे तेच परिच्छेद घोळवत असतात, तिथे दर दोन-तीन वर्षांनी बदली होऊन येणारा अधिकारी पहिले वर्ष संक्षेप समजून घेण्यातच घालवतो. ही अडचण बहुतेक विकसनशील देशांची आहे. आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीने एकमताने दिलेला सल्ला नाकारायला संचालक मंडळाची ६० टक्के मते लागतात. हे मोठे हत्यार आहे. पण एकमत म्हणजे कोणाचाही औपचारिक आक्षेप नसणे, आणि ते बैठकीच्या आधी महिनाभर ईमेलवर घडत असते. बैठकीच्या दिवशी विमानाने उतरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

हे सगळे सामान्य वाचकापासून दूरचे वाटेल, म्हणून एक अक्षर जवळून पाहू. 'तऱ्हा' किंवा 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र. संगणकावर तो दोन प्रकारे लिहिता येतो: साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून, किंवा ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. एक नाव बँकेने घेतले आणि दुसरे ठगाने, तर वाचणाऱ्याला फरक कळायचा कसा? म्हणून रूट झोनच्या नावांत अदृश्य जोडचिन्हांना बंदी आहे. मग मराठीला उरतो फक्त ऱ चा मार्ग, आणि तो उघडा ठेवायचा तर देवनागरीच्या नियमावलीवर काम करणाऱ्या मंडळात 'हे अक्षर आम्हाला लागते' असे सांगणारे कोणीतरी असावे लागते. हिंदीत या रूपाची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदी जाणणाऱ्याला ते आपणहून सुचणार नाही. २०१४ पासून डॉट भारतवर देवनागरीत नावे नोंदवता येतात. पण नव्या शेवटच्या शब्दांसाठी अर्ज करायचे शुल्क २०१२ च्या फेरीत १,८५,००० डॉलर होते, पुढच्या फेरीसाठी ते २,२७,००० डॉलर ठरले. २०१२ मध्ये १,९३० अर्ज आले. त्यातले ९११ उत्तर अमेरिकेतून आणि संपूर्ण आफ्रिकेतून १७. रूट झोनमध्ये कोणाचे शब्द दिसतात, याचा मोठा भाग या शुल्काने आधीच ठरवून टाकला आहे.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की यापुढे जिनिव्हा, न्यूयॉर्क किंवा आयकॅनच्या बैठकीची बातमी येईल तेव्हा 'ताबा' हा शब्द बाजूला ठेवून बातमीदाराने विचारावे, की चर्चा कोणत्या यादीची आहे आणि तिच्यातला बदल रोखण्याचा अधिकार या ठरावाने कोणाकडे जातो. आणि शासनाला विनंती, की या कामासाठी किमान पाच वर्षे न हलणारे, तंत्र जाणणारे तीन-चार प्रतिनिधी नेमावेत, त्यांनी बैठकीआधी आपली लेखी भूमिका जाहीर करावी आणि देशातील भाषातज्ज्ञ, नेटवर्क चालवणारे व नागरी संस्था यांच्याकडून तीवर हरकती मागवाव्यात. न्यायक्षेत्राचा मुद्दा, नोंदणी संस्थांच्या पोटनियमांतील फटी आणि अर्जशुल्कातील सवलत हे तीन विषय त्या भूमिकेत पहिल्या पानावर असावेत.

आपले विनम्र,
नेटवर्क आणि नामव्यवस्थेच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक